मधल्या खोलीचं कुलूप

१

"हे ज्या कुणी केलंय ना, त्यानं इथल्या प्रत्येक बाईच्या पोटावर पाय दिलाय!"

स्टुलावर उभं राहून बुद्धघोष ओरडला आणि हातातला कापसाचा बोळा त्यानं सगळ्यांना दिसेल असा उंच धरला. बोळा लाल झाला होता. खाली व्हरांड्यात पांढरे डगले घातलेल्या बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या.

"कुंकू आहे हे," तो म्हणाला. "आणि हे कुलूप आहे, देव नाही."

बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या रस्त्यावर, उसाच्या फडांच्या मधोमध ती बैठी पांढरी इमारत होती. कागदोपत्री तिचं नाव लांबलचक होतं, पण आसपासच्या गावांत सगळे तिला केळीची लॅब म्हणत. केळीच्या कंदाचा हरभऱ्याएवढा तुकडा बाटलीतल्या खळीसारख्या पोषक थरावर ठेवायचा, त्याला फुटवे आले की कापून पुन्हा नव्या बाटल्यांत लावायचे. असं करत एका कंदापासून अख्ख्या रानाची रोपं उभी करायची. काम नाजूक. बाटलीत बुरशीचा एक कण गेला तरी खेळ खलास. म्हणून बाहेरचा व्हरांडा आणि आतली काम करायची खोली यांच्यामध्ये एक छोटी मधली खोली ठेवली होती. तिला दोन दारं, बाहेरचं आपोआप उघडणारं, आतलं बटण दाबल्यावर. एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, म्हणजे बाहेरची हवा सरळ आत शिरायची नाही. दारं धरून ठेवायला चुंबकाची कुलपं. चौकटीच्या माथ्यावर लांबट चुंबक, दाराच्या माथ्यावर लोखंडी पट्टी. वीज चालू असली की दोन्ही एकमेकांना असे चिकटत की, बुद्धघोषच्या शब्दांत, बैलजोडी लावून ओढलं तरी सुटू नयेत.

मात्र दोघांच्या मध्ये कागदाएवढं जरी काही आलं, की पकड गेली. आतल्या दाराची तशीच गेली होती. बाहेरचं दार उघडलं की आतलं दार वाऱ्यानं आपसूक किलकिलं व्हायचं. कुणाच्या लक्षातही येत नव्हतं. बुरशीच्या मात्र आलं होतं.

"खंडेनवमीला लावलं हुतं सायेब," झाडलोट करणारी ठमाबाई शांतपणे म्हणाली. तिनं डगला घातला नव्हता, तिचं काम व्हरांड्यापर्यंतच. "समद्याच मशिनींना लावलं. जनरेटरला लावलं, मोहनरावांच्या स्कूटरला लावलं. तुमच्या दारानंच काय घोडं मारलं हुतं?"

बायका हसल्या. बुद्धघोषसुद्धा हसू दाबत होता, पण त्यानं ते दिसू दिलं नाही.

"दसऱ्याला तीन महिने झाले, मावशी. हे ओलं आहे."

"मग ते आमचं न्हाय," ठमाबाई म्हणाली, आणि खराटा उचलून चालू लागली.

मॅनेजर मोहनराव दारातून हे बघत होते. "इंजिनेरसाहेब, भाषण झालं असलं तर एवढंच सांगा, दार धरणार का नाही?"

"धरणार," बुद्धघोष म्हणाला.

२

तो निरवांगीचा. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्स शिकून एका छोट्या कंपनीत लागला होता. ही दारं त्याच कंपनीनं बसवली होती, आणि बसवायला तो स्वतःच आला होता. पण त्याचा जीव या लॅबमध्ये गुंतला होता तो दुसऱ्याच कारणानं. निरवांगीच्या शेतकऱ्यांना त्यानंच इथल्या रोपांची ऑर्डर द्यायला लावली होती. बौद्धवस्तीतले त्याचे वडील बाजीराव आणि गावातले उसाचे बागायतदार एका कागदावर सह्या करायला पहिल्यांदाच एका सतरंजीवर बसले होते. आता त्याच ऑर्डरच्या बाटल्या बुरशीनं काळ्या पडत होत्या. मालकांनी मोहनरावांना बजावलं होतं, की महिनाअखेर बुरशी थांबली नाही तर लॅबला टाळं लावू. तसं झालं तर डगला घातलेल्या सगळ्या बायका परत दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणार होत्या.

आणि दारांवर त्याचं प्रेम होतं. मित्रांनी कितीही चेष्टा केली तरी तो हे मोकळेपणी सांगे. त्याची आजी, म्हणजे बाजीरावांची आई, तो जन्मायच्या कितीतरी आधी गेली. तिचा फोटोसुद्धा नव्हता. बाजीराव तिच्याविषयी एकच गोष्ट सांगत. ती एका मोठ्या घराचं अंगण झाडायला जायची. काम झालं की फाटकाबाहेर उभी राहून हाक मारायची, "हाय का कुणी?" आतलं माणूस भाकरी घेऊन बाहेर येईपर्यंत मारत राहायची. दार उघडंच असायचं. तिनं आत पाऊल टाकायचं नसायचं, एवढंच. हाका मारून मारून तिचा आवाज बसला तो कायमचाच, असं बाजीराव म्हणत.

म्हणून तर पुण्यात पहिल्यांदा एक काचेचं दार त्याच्यासमोर आपोआप बाजूला झालं, तेव्हा बुद्धघोष त्यातून उगाचच चार वेळा आत-बाहेर करत राहिला होता. दारानं त्याला तू कोण म्हणून विचारलं नव्हतं. असं दार बनवणाऱ्या माणसाचे पाय धरावेत असं त्याला तेव्हा वाटलं. पुढं तो स्वतःच तसली दारं बसवू लागला.

त्या दिवशी त्यानं आतल्या दाराचा चुंबक आणि पट्टी स्पिरिटनं लख्ख पुसली. वीज मोजली, ती बरोबर होती. पट्टी रबरावर हलती राहते का ते पाहिलं, तीही ठीक. दार लावलं. टक् असा आवाज झाला आणि चौकटीवरचा लाल दिवा लागला. त्यानं खांद्यानं धडक दिली. दार जागचं हललं नाही.

लॅबची प्रमुख अंजली जवळच उभी होती. तीही त्याच्याच वयाची, शेतकी कॉलेजातून शिकून आलेली.

"एक विचारू?" ती म्हणाली. "वीज गेली तरी हे बॅटरीवर धरून राहतं. धुरीच्या दिवशी तर तू दोन्ही दारं बाहेरून किल्लीनं बंद करायची सोय केलीयस. आत कुणी राहिलं तर?"

दर शनिवारी आतल्या खोलीत औषधाची विषारी धुरी द्यायचे, जंतू मारायला. त्या वेळी आत कुणी जाऊ नये म्हणून ती किल्ली होती.

"राहील कसं? रॅक बघूनच किल्ली फिरवायची ना?"

हे खरं होतं. व्हरांड्यात चपलांचा लाकडी रॅक होता. आत जाणाऱ्यानं आपल्या वहाणा तिथं काढायच्या आणि आतल्या रबरी सपाता घालायच्या. रॅक रिकामा म्हणजे आत कुणी नाही. हजेरीच्या वहीपेक्षा सगळ्यांचा त्या रॅकवरच विश्वास होता.

बुद्धघोषनं बोलता बोलता रॅककडे पाहिलं. खालच्या फळीच्या टोकाला एक जुना जोड होता. झिजलेल्या जाड तळव्यांचा, एका अंगठ्याला चिंधी बांधलेला. बायकांपैकी कुणाचा असेल, असं त्याला वाटलं. जोडाची टोकं दाराकडे होती.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला तेव्हा आतलं दार किलकिलं होतं.

स्टुलावर चढून त्यानं पट्टी पाहिली. लख्ख पुसलेल्या लोखंडाच्या बरोबर मध्यावर कुंकवाचं एक बोट उमटलं होतं. ओलं.

त्याचं डोकंच फिरलं. रागाच्या भरात तो काय काय बोलला ते नंतर त्यालाही आठवेना.  शेवटी बायकांतून सारजा पुढं झाली. धुरीचं काम तिच्याकडं असायचं, आणि ती बोलायला कुणाला भिणारी नव्हती.

"बुद्धघोषदादा, तुमी शिकलेले. मग एवढं सांगा. त्या पट्टीपतोर माझा हात पोचतोय का?" तिनं टाचा उंच करून हात वर केला. बोटं पट्टीच्या खाली वीतभर राहिली. "आन् स्टूल तर तुमीच काल आपल्या खोलीत कुलपात ठिवलं."

ठेवलं होतं खरं.

तो खाली उतरला. "चुकलो," म्हणाला, आणि त्याला ते मनापासून वाटलं. पण मग हे काय? पाण्याचा थेंब? गंज? गंज एका रात्रीत येत नाही आणि त्याला हळदीचा वास येत नाही.

त्यानं पट्टी पुन्हा पुसली. अंजलीला बोलावलं. दोघांनी मिळून चुंबक पाहिला, पट्टी पाहिली, दोन्हींवरून पांढरा रुमाल फिरवला, रुमाल पांढराच राहिला. दार लावलं. टक्. लाल दिवा. दार आणि चौकट यांच्या फटीवर त्यानं वरपासून खालपर्यंत कागदाची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर दोघांनी आडव्या सह्या केल्या. बायकांना त्यानं दुपारपर्यंत सुट्टी दिली. तो आणि अंजली मधल्या खोलीतच, दारासमोर बसून राहिले.

काही झालं नाही. आत हवा गाळणारा पंखा घुमत होता. पंख्याच्या घुमण्यात मधूनच एक घोगरा सूर लागे, लांबून कुणीतरी हाक मारल्यासारखा.

"बेअरिंग गेलंय पंख्याचं," बुद्धघोष म्हणाला.

"मागच्याच महिन्यात बदललंय," अंजली म्हणाली.

जेवणाची वेळ झाली तसे ते उठले. फटीवरचा कागद शाबूत होता, सह्या जागच्या जागी. त्यानं कागद फाडला, बटण दाबून वीज तोडली आणि अंजलीच्या डोळ्यांदेखत दार आपल्याकडं ओढलं.

पट्टीवर कुंकू होतं.

आणि ते दबलेलं नव्हतं. दोन लोखंडांच्या मध्ये सकाळभर चेंगरून ते पसरायला हवं होतं. ते पसरलं नव्हतं. आत्ता कुणीतरी हलक्या हातानं टेकवावं तसं ते गोल, उभार, कडेला एखादा सुटा कण असलेलं होतं.

अंजलीनं वर बोट दाखवलं. "चुंबक बघ."

ज्या चुंबकाला ते कुंकू इतका वेळ चिकटून असायला हवं होतं, तो कोरा होता. रुमालासारखा स्वच्छ.

४

माणूस विज्ञान शिकला की त्याला न समजलेल्या गोष्टीचं भय वाटत नाही, चीड येते. बुद्धघोषला भयंकर चीड आली. रात्रीत त्यानं कारणांची रांगच लावली. लोखंडातूनच काही पाझरत असेल. स्पिरिटमध्ये रंग असेल. अंजली थट्टा करत असेल. प्रत्येक कारण तो सकाळी घेऊन यायचा आणि संध्याकाळपर्यंत ते मोडून पडायचं. त्यानं पट्टीच बदलली, पुण्याहून नवी कोरी मागवली. स्पिरिटची बाटली बदलली. अंजलीला चार दिवस मधल्या खोलीत येऊच दिलं नाही. तिनं हे सगळं हसून घेतलं, पण तिच्या हसण्यात आता जीव नव्हता.

त्या दिवसांत त्यानं आणखी एक गोष्ट पाहिली आणि कुणाला सांगितली नाही.

बाहेरच्या दारावर एक डोळा होता. माणूस जवळ आला की तो ओळखायचा आणि दार उघडायचं. भर दुपारी, व्हरांड्यात त्याच्याशिवाय कुणी नसताना ते दार उघडलं. रस्त्यावरून उसाच्या बैलगाड्या चालल्या होत्या, त्यांची हालचाल टिपली असेल, असं तो स्वतःला म्हणाला. दार उघडं राहिलं. एक माणूस सावकाश आत जायला जेवढा वेळ लागेल, तेवढं थांबलं आणि लागलं. टक्. मग मधल्या खोलीतून दुसरा टक् ऐकू आला. आतलं दार उघडून लागल्याचा.

आतल्या दाराला डोळा नव्हता. ते हातानं बटण दाबल्याशिवाय उघडत नसे.

 तो उठला, दोन्ही दारांतून धावत आत गेला. आत बायका ओळीनं बसून चिमट्यानं रोपं कापत होत्या. कुणी मान वर केली नाही.

"आत्ता कोण आलं आत?"

"तुमीच की," सारजा म्हणाली.

शुक्रवारी त्यानं ठरवलं, की आता कारणं पुरे, काम हवं. चुंबक आणि पट्टी त्यानं शेवटची पुसली आणि दाराशी ठाण मांडलं. गंमत म्हणजे त्या दिवशी कुंकू आलं नाही. दार दिवसभर दगडासारखं धरून राहिलं. मोहनराव पाठीवर थाप मारून म्हणाले, "बघा, तुमचं भाषण ऐकलं शेवटी कुणीतरी!" संध्याकाळी अंजलीनं चहा पाजला. बुद्धघोष हसला, बोलला, निरवांगीच्या ऑर्डरचा हिशोब मांडला. पण व्हरांड्यातून निघताना त्यानं उगाचच मागं वळून आतल्या दाराकडे पाहिलं. आपण कुणाला तरी दुखावलंय, असं काहीतरी त्याला वाटत राहिलं.

५

शनिवारी दुपारी धुरी होती.

बायका लवकर सुटल्या होत्या. बुद्धघोष मागच्या जनरेटरच्या खोलीत बॅटरी तपासत होता. तिथं जमिनीवर तेल सांडलं होतं, म्हणून त्यानं आपले बूट दाराबाहेर काढून ठेवले होते आणि आतल्या रबरी सपाता पायांत अडकवल्या होत्या. हा नियमभंग होता. बूट असायचे तर रॅकवर. पण त्याला घाई होती. त्याला कायमच घाई असायची. बॅटरी झाल्यावर त्याच सपाता धुऊन तो आत गेला, कामाची खोली ओलांडून पलीकडच्या बाटल्यांच्या खोलीत. तिथं शेवटच्या मांडणीमागं एक तारांचा डबा होता. तेवढा बघितला की झालं.

पंखे घुमत होते. बाटल्यांतली कोवळी हिरवी रोपं दिव्यांखाली ओळीनं उभी होती. निरवांगीची रोपं. त्यांच्याकडे बघून त्याला एकदम बरं वाटलं.

कामाच्या खोलीत सारजा येऊन गेली ते त्याला कळलं नाही. तिनं नेहमीप्रमाणे ओरडून विचारलं होतं, हे तिनं नंतर शपथेवर सांगितलं. पंख्यांत ते बुडालं. तिनं तोंडाला फडकं बांधून भांड्यात औषधावर औषध ओतलं, पळत बाहेर गेली, रॅककडे नजर टाकली आणि किल्ली फिरवली.

डब्याचं झाकण लावून बुद्धघोष कामाच्या खोलीत आला आणि पहिल्याच श्वासाला त्याच्या छातीत कुणीतरी सुया खुपसल्या.

डोळे मिटले. पाण्याच्या धारा लागल्या. बाटल्यांच्या खोलीत परतावं तर तिथलं दार साधं, फटीचं, धूर तिथंही येणार. बाहेर पडायची वाट एकच. नाकावर डगला दाबून, भिंत चाचपत तो आतल्या दारापाशी पोचला आणि बटण दाबलं. काही झालं नाही. किल्ली फिरली होती. ही सोय त्यानंच केली होती.

त्यानं खांदा मारला. पुन्हा मारला. बैलजोडीनंही सुटणार नाही, हे त्याचेच शब्द. तो हाका मारू लागला. "कुणी आहे का? कुणी आहे का?" तिसऱ्या हाकेला आवाज फाटला, चौथ्या हाकेला घशातून नुसती हवा आली. व्हरांड्यात सारजा कदाचित दहा पावलांवर असेल. पण मध्ये दोन दारं होती. दार बंद, आपण एका बाजूला, माणसं दुसऱ्या बाजूला, आणि आवाज बसलेला. त्याला बाजीराव आठवले. त्यांनी सांगितलेलं ते फाटक आठवलं.

तो गुडघ्यांवर आला. दाराला डोळ्यांच्या उंचीवर काचेची एक चौकोनी खिडकी होती. तिच्या कडेला धरून त्यानं स्वतःला वर ओढलं आणि मधल्या खोलीत पाहिलं.

डोळ्यांतल्या पाण्यातून सगळं थरथरत होतं. मधल्या खोलीत कुणीतरी होतं. काचेला अगदी लागून. एवढं जवळ की चेहरा दिसतच नव्हता, फक्त वर उचललेला एक हात. काळासावळा, हाडकुळा, कोपरापर्यंत उघडा. तो वर जात होता. माणसाचा हात जिथं संपायला हवा तिथं तो संपला नाही. काचेच्या वरच्या कडेपलीकडं, चौकटीच्या माथ्यापर्यंत, सावकाश, शिंक्यावरचं काही काढावं तसा गेला.

वरती लोखंडावर काहीतरी घासल्याचा हलका आवाज झाला.

मग टक्.

दार त्याच्या वजनानंच उघडलं. तो मधल्या खोलीत कोसळला. मधली खोली रिकामी होती. आणि समोरचं बाहेरचं दारही उघडं होतं. दोन्ही दारं एकाच वेळी सताड उघडी. असं होऊच शकत नव्हतं. त्या उघड्या दारातून दुपारचं ऊन आणि उसाच्या मळीचा गोडसर वास थेट त्याच्या तोंडावर आला.

त्यानं आयुष्यात एवढा मोठा श्वास कधी घेतला नव्हता.

६

डोळ्यांवर पाणी ओतता ओतता सारजा रडत होती. "दादा, मी बगितलं हो रॅकमदी. तुमचे बूट न्हवते. त्यो कोपऱ्यातला एक जोड सोडला तर समद्या फळ्या रिकाम्या. आन् त्यो तर कायमच असतोय."

"तुझी चूक नाही," तो घोगऱ्या आवाजात पुन्हा पुन्हा सांगत होता. "बूट माझे. किल्ली माझी. तू रडू नको, बाई."

अंजली स्टुलावर चढून दोन्ही कुलपं बघत होती. वीज चालू होती. बॅटरी भरलेली. दोन्ही लाल दिवे जळत होते, म्हणजे चुंबक आपलं काम करतच होते. दोन्ही पट्ट्यांवर कुंकू होतं. आता एक बोट नव्हतं. पाचही बोटं होती, दाबून ओढलेली, लोखंड दिसेनासं होईल इतकी दाट. बाहेरच्या दारावर यापूर्वी कधीच काही आलं नव्हतं.

ती खाली उतरली.

डॉक्टरांनी बारामतीत दोन दिवस ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी बुद्धघोष लॅबवर हजर झाला, आणि आल्या आल्या त्यानं धुरीची ती किल्लीची सोयच उखडून टाकली. पुण्याला कंपनीत साहेबांशी फोनवर भांडला, आणि नाही ऐकलं तर आपल्या पगारातून करीन म्हणाला. प्रत्येक दाराच्या आतल्या अंगाला त्यानं कमरेच्या उंचीवर एक आडवी दांडी बसवली. ती नुसती ढकलली की वीज तुटेल, कुलूप सुटेल आणि व्हरांड्यात घंटा वाजेल. बॅटरी असो, किल्ली असो, काही असो. आतलं माणूस आत कधीच अडकणार नाही. सारजाला, अंजलीला, प्रत्येक बाईला त्यानं ती दांडी स्वतःच्या हातानं ढकलायला लावली. घंटा वाजली की बायका लहान मुलींसारख्या हसायच्या.

मग पट्ट्या पुसायला तो स्टुलावर चढला. कापूस हातात घेऊन थोडा वेळ तसाच उभा राहिला. त्याच्या घरात कुंकू छप्पन्न सालापासून नव्हतं, आणि देवाला हात जोडायचे नाहीत हे तो लहानपणापासून शिकला होता. त्यानं हात जोडले नाहीत. कपाळ मात्र त्या थंड लोखंडाला टेकवलं, आणि पुटपुटत कुणाचे तरी आभार मानले. मग हलक्या हातानं पुसून घेतलं.

त्यानंतर पट्टीवर कधीच काही उमटलं नाही. दार धरलं, चांगलं धरलं. महिनाअखेर बाटल्या स्वच्छ निघाल्या. निरवांगीची रोपं ट्रकमध्ये चढली तेव्हा मोहनरावांनी पेढे वाटले, आणि टाळ्याचा विषय पुन्हा निघाला नाही. बुद्धघोषला सुख झालं होतं. तरीही कामाच्या शेवटच्या दिवशी, पट्टीवरून रुमाल फिरवून तो पांढराच राहिलेला पाहताना, त्याला जरासं एकटं वाटलं.

हत्यारांची पिशवी मोटारसायकलला अडकवून तो निरोप घ्यायला व्हरांड्यात आला. बूट घालताना त्याची नजर रॅकच्या खालच्या फळीवर गेली. टोकाची जागा रिकामी होती. तिथं धुळीत दोन तळव्यांच्या आकाराचं स्वच्छ लाकूड तेवढं उरलं होतं.

ठमाबाई जवळच व्हरांडा झाडत होती.

"मावशी, इथं एक चिंधी बांधलेला जोड असायचा. कुणाचा होता?"

तिनं खराटा थांबवला आणि त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू तोच तिची थट्टा करतोय.

"आता मला काय इचारताय? तुमी दार बसवाया आला तवाच तुमच्या मागनं आल्या की त्या. मला वाटलं, तुमच्या घरच्या हायती. रोज दारापाशी हुब्या ऱ्हायच्या, दार उगडलं की आत जायाच्या." तिनं पदरानं कपाळ पुसलं आणि रस्त्याकडे हात केला. "जावा आता बिगी बिगी. मघाधरनं फाटकापाशी उनात हुब्या हायती."